पंचाला बहीण नसते

ते साल एकोणीसशे सत्तावन्न. बाजारात नवे पैसे येऊन काही महिने झाले होते आणि म्हाताऱ्या बायका अजून आण्यांतच बोलत होत्या. मी तेरा वर्षांची होते. चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला माझ्या वडिलांचं, नूरमोहम्मद यांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो: अब्बा, अम्मा, मी आणि धाकटा बरकत. घरात आम्ही आमची दखनी बोलत असू. इथे मी ते बोलणं मराठीतच लिहिते आहे, कारण अब्बांचं अर्धं आयुष्य मराठीतच गेलं.

अब्बांना लोक दोन नावांनी ओळखत. दुकानात ते नूरभाई होते. कार्तिक लागला, शेतं थोडी मोकळी झाली, गावोगावचे हुतूतूचे सामने सुरू झाले, की ते पंच होत. मग चार महिने त्यांना दुसरं नाव नसे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गळ्यात काळ्या दोरीत पितळी शिट्टी आणि सायकलच्या दांडीला लटकवलेला फिरकीचा तांब्या.

त्यांनाच पंच का करत, याचं कारण साधं होतं. हवेली आणि खेडच्या गावांत सगळेच एकमेकांचे सोयरे. रहाटणीची लेक चाकणला दिलेली, चाकणची चिखलीला, चिखलीची आकुर्डीला. कुणालाही शिट्टी दिली तरी कुठल्या ना कुठल्या संघात त्याचा मेहुणा नाहीतर साडू निघायचाच. हुतूतू मंडळाचे प्रमुख आबाजी वस्ताद या भांडणांना कंटाळले होते. एकदा ते दुकानात टायर बदलायला आले आणि अब्बांकडे बघून म्हणाले, "नूरभाई, तू दत्तोबाबरोबर खेळायचास. तुला खेळ कळतो. आन् ह्या मुलखात तुझी सोयरिक कुठंच न्हाई. तुझ्यासारखा पंच मला दिवा घेऊन सापडायचा न्हाई."

त्या दिवसापासून अब्बा मंडळाचे पंच झाले. मंडळाचे नियम कडक होते. सामना असेल त्या गावात पंचानं अन्न तर सोडाच, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून तो तांब्या. आदल्या दिवसापासून खेळणाऱ्या गड्यांशी बोलायचं नाही. एकदा दिलेला निर्णय फिरवायचा नाही, चुकला तरी नाही. कारण एकदा फिरला की दर वेळी फिरवा म्हणून लोक अंगावर येतात. आणि कुठल्याही संघात रक्ताचं किंवा सोयरिकीचं नातं असेल तर आधी सांगून बाजूला व्हायचं. यातलं एक जरी मोडलं तरी पुढच्या साली बोलावणं बंद.

बोलावणं बंद झालं असतं तर आमची चूल विझली नसती. पंचाला मिळायचं काय, तर एक नारळ आणि एक टॉवेल. पण सत्तेचाळीसनंतर दुकानावरून जाताना काही ओळखीचे लोक मान वळवू लागले होते. अब्बा त्याबद्दल घरात बोलत नसत. एकदाच अम्माला म्हणाले होते, "शिट्टी वाजली की हजार माणूस गप्प होतं ना, तेव्हा मला वाटतं, मी इथलाच आहे."

आता यशोदाबाईंबद्दल सांगते. त्या मूळ चिंचवडच्या. त्यांचा भाऊ दत्तोबा आणि अब्बा लहानपणापासून एका संघात खेळलेले. यशोदाबाईंना पवनेपलीकडे रहाटणीला दिलं. त्यांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत दत्तोबा विषमज्वरानं गेला. आईवडील आधीच गेलेले. माहेर संपलं. त्या वर्षी भाऊबीजेच्या संध्याकाळी अब्बा त्यांच्या घरी यजमानांची दुरुस्त केलेली सायकल पोचवायला गेले, तर यशोदाबाई अंगणात ताट घेऊन उभ्या. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी रीत आहे. बीजेची ती बारीक कोर पश्चिमेला टेकलेली आणि ह्या ताट धरून रडताहेत. अब्बांनी सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, "यशोदा, दत्तोबा न्हाई, पण मी हाय. पाट मांड."

त्यांनी पाट मांडला. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. आम्ही पोरं त्यांना आत्या म्हणायचो. त्यांचा दौलत अब्बांना नूरमामा म्हणायचा. विधवा झाल्यावर तर आत्या दौलतच्या प्रत्येक गोष्टीत अब्बांचा सल्ला घेत. त्याला हुतूतू शिकवलं तेही अब्बांनीच. पोरगा अंगणात दम घेऊन उभा राहायचा आणि अब्बा डोळे मिटून कान द्यायचे. "पंच डोळ्यानं नाही, कानानं बघतो," म्हणायचे.

सामना रहाटणीला असला की मोठी गंमत व्हायची. अब्बा आत्यांच्या दारावरून सायकलवर जायचे, पण थांबायचे नाहीत. आत्या दारात उभ्या राहून शेजारणीला मोठ्यानं विचारायच्या, "कोण गं ह्यो पांढऱ्या धोतराचा? आपल्या गावचा दिसत न्हाई!"

शेजारणीही सामील. गोजाबाई नावाची एक फटकळ म्हातारी होती. ती म्हणायची, "कोण की बाई. तांब्या बांधलाय म्हंजी परसाकडं चालला आसंल."

अब्बा हसू दाबत सरळ निघून जायचे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जेवायला जायचे, तेव्हा आत्या पुन्हा ओळख दाखवायच्या. सामन्याच्या दिवशी एकमेकांना न ओळखणं हा त्या दोघांचा खेळच झाला होता. मी हे एवढं सविस्तर सांगते, कारण पुढे जे झालं ते अब्बांना ह्याच खेळासारखं वाटलं.

त्या साली दौलत पहिल्यांदा रहाटणीच्या मोठ्या संघात आला. अम्मानं लगेच विचारलं, "दौलत खेळणार, मग तुम्ही पंच कसे?"

"नियमात रक्ताचं आणि सोयरिकीचं म्हटलंय," अब्बा म्हणाले. "यशोदा दोन्हींत बसत नाही."

"आबाजींना एकदा विचारून तरी घ्या."

"त्यांना काय माहीत नाही? सगळ्या मुलखाला माहीत आहे."

आणि खरंच कुणी काही बोललं नाही. रहाटणी एकेक सामना जिंकत शेवटच्या सामन्याला पोचली. समोर चाकण. मैदान चाकणच्या बाजारतळावर. मार्गशीर्षातला रविवार होता. भाऊबीज होऊन जेमतेम महिना झाला होता. पुण्याला कांदा टाकून रिकामा परतणारा एक ट्रक गावानं ठरवला. त्यात संघ, निम्मं गाव आणि गोजाबाई धरून चार बायका. आत्यांनी मला चिंचवडच्या नाक्यावरून उचलून घेतलं. अब्बा पहाटेच सायकलवर पुढे गेले होते, कारण पंचानं संघाच्या गाडीत बसायचं नसतं.

बाजारतळावर आदल्या दिवशीच्या बाजाराची कांद्याची टरफलं उडत होती. पाणी मारून मैदान केलं होतं, तरी वास जात नव्हता. आमचा ट्रक मैदानाच्या कडेलाच उभा केला आणि आम्ही बायका हौद्यातूनच बघत होतो. आत्यांनी दौलतसाठी गूळ-शेंगदाणे आणले होते. ते मला देत म्हणाल्या, "खा गं झुले. त्याला आता जायाचं न्हाई काय पोटात."

दोन्ही संघ रेघेवर उभे राहिले. अब्बांनी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात चाकणच्या बाजूनं सोपानराव पुढे आले. कांद्याचे मोठे अडते, भरदार माणूस, मोठा फेटा. चाकणच्या संघाचा सगळा खर्च तेच करायचे.

"पंच, एक इचारू का?"

"इचारा."

"भाऊबीजेला कुणीकडं जेवलात?"

लोक हसले. अब्बाही हसले. "रहाटणीला. सगळ्यांना ठावं हाय, यशोदाबाईच्यात."

"आन् त्यो दौलत तिचाच न्हवं? मंग भाचा खेळणार आन् मामा शिट्टी मारणार व्हय? आमची पोरं काय वाटंवर पडल्यात?"

रहाटणीचे लोक ओरडू लागले. आबाजी वस्ताद खुर्चीवरून उठले. त्यांनी हात वर केला. "सोपानराव, नियम रक्ताचा आन् सोयरिकीचा हाय. ह्ये मानलेलं."

"रक्ताचं काय घिऊन बसलाय, वस्ताद? सख्ख्या भावांनी बांधावरनं डोकी फोडल्याली म्या बघितल्यात. आन् ओवाळल्याल्या भावानं बहिणीसाठी घर इकल्यालं बी बघितलंय. कंचं नातं जड, तुमीच सांगा."

सोपानराव भांडखोर होते, पण बोलले त्यात खोटं काही नव्हतं, हे मला त्या वयातही कळलं. आबाजींनी अब्बांना जवळ बोलावलं.

"नूरभाई, दोन्ही गावांम्होरं सांग. यशोदाबाई तुझी बहीण हाय का न्हाई? हाय म्हणलास तर शिट्टी खाली ठेव. आधी सांगितलं न्हाईस, म्हणून मंडळ तुला फुडं बोलावणार न्हाई. न्हाई म्हणलास तर सामना चालू."

"वस्ताद, माझं तिचं रक्ताचं नातं न्हाई."

"पंच!" सोपानराव म्हणाले. "गडी बाद का न्हाई म्हणून इचारल्यावं तुमी काय सांगता? अर्धा बाद?"

सगळं मैदान हसलं. आमच्या ट्रकमधलेसुद्धा काही हसले. अब्बांनी धोतराच्या सोग्यानं शिट्टी पुसली. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले,

"न्हाई. यशोदाबाई माझी कुणी लागत न्हाई."

मैदानावर बोलून बोलून त्यांचा आवाज घडला होता. हळू बोललं तरी लांब जायचा. तो ट्रकपर्यंत स्वच्छ आला. बोलून झाल्यावर अब्बांनी ट्रककडे बघितलं आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसले, दारावरून सायकलवर जाताना हसायचे तसंच. त्यांना वाटलं असेल, आत्या आता गोजाबाईच्या कानात काहीतरी चावट बोलतील.

आत्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. परका पुरुष समोर आला की बाई ओढते तसा. अब्बांसमोर त्यांचा पदर कधी डोक्यावर नसायचा.

सामना झाला. तो सगळा मला आठवत नाही. शेवटची चढाई आठवते. दोन्ही बाजूंचे गुण सारखे आणि चढाई दौलतची. त्यानं दोघांना शिवलं, त्याचा पाय कुणीतरी धरला, तो धुळीत सरपटत मधल्या रेघेकडे हात लांबवत होता आणि "हुतूतू, हुतूतू" पुटपुटत होता. लोकांचा एवढा गिल्ला चालू होता की मला काही ऐकू येत नव्हतं. अब्बा गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्या तोंडाजवळ वाकले होते, डोळे मिटून. दौलतची बोटं रेघेला लागली आणि शिट्टी वाजली.

"दम तुटला. गडी बाद."

दौलत धुळीतून उठला. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. "मामा, न्हाई तुटला! मामा, तुमी ऐकलं की!"

"पंच म्हण," अब्बा म्हणाले.

चाकण जिंकलं. सोपानरावांनी स्वतः अब्बांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माणूस खरा. आपण शब्द मागं घेतो." आबाजींनी तिथल्या तिथं पुढच्या सालचे सामने अब्बांनाच, असं सांगून टाकलं. अब्बांचा चेहरा किती उजळला होता! त्यांच्या मनासारखं सगळं झालं होतं. त्यांनी नियम पाळला होता, पंचगिरी राहिली होती, आणि भाच्याविरुद्ध निर्णय देऊन दाखवला होता.

परतताना दौलत ट्रकच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला होता. मला तहान लागली. "आत्या, पाणी," असं म्हणून मी एकदम थबकले. आत्या म्हणावं की नाही, तेच कळेना.

त्यांनी मला जवळ ओढलं आणि कळशी उघडली. "म्हण की आत्या," त्या म्हणाल्या. "तू कुठं पंच हायस?"

अम्माला सगळं कळलं तेव्हा तिनं अब्बांना एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी जा आणि तिच्या पाया पडा."

"पाया कशाला? तो मैदानावरचा शब्द होता. यशोदाला कळतं."

"बाईला असं कळत नसतं."

अब्बा आठवड्यानं गेले. मी सायकलवर पुढच्या दांडीवर बसले होते. नेहमी ते थेट चुलीपर्यंत जायचे. त्या दिवशी आत्या ओसरीवरच आल्या, पदर डोक्यावर, आणि त्यांनी घोंगडं अंथरलं. "या पंच. बसा." मग आत वळून म्हणाल्या, "दौलू, पंचांना च्या आण."

पूर्वी "नूर, तू" असायचं. अब्बांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तो तसाच निवत ठेवून म्हणाले, "यशोदा, राग आलाय का गं? दौलूचा दम खरंच तुटला होता."

"तुटला आसंल," आत्या म्हणाल्या. "तुमी ऐकलं ते खरं. त्याचा मला राग न्हाई. खेळात एक जितणार, एक हारणार."

"मग कशाचा?"

"राग न्हाईच." त्यांनी रिकामा कप उचलला. "आनखी च्या घेता?"

वर्षभर असंच चाललं. अब्बा मधून मधून जात. आत्या बसायला घालत, चहा देत, बरकतच्या खोकल्याची चौकशी करत. कुठंही उणा शब्द नाही. अब्बा परत येऊन अम्माला म्हणत, "होईल. भाऊबीज येऊ दे." त्यांना खात्री होती की पाट मांडावाच लागेल. पाट मांडला की बोलणं आपोआप जुन्यावर येईल.

अठ्ठावन्न सालची भाऊबीज आली. अम्मानं पुण्याहून लुगडं मागवलं होतं, हिरवं, रुंद काठांचं; विधवेनं हिरवं नेसू नये हे ती मानत नसे. अब्बांनी दुकान लवकर बंद केलं. मी बरोबर होते. पवना ओलांडून रहाटणीत शिरलो तेव्हा दिवस बुडाला होता, पण उजेड होता. आत्यांच्या अंगणात सारवून रांगोळी काढलेली. आत्या अंगणाच्या मधोमध पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात ताट, ताटात निरांजन. समोर बाभळींच्या वर बीजेची कोर. त्या सावकाश ओवाळत होत्या.

अब्बा फाटकाशीच थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मला बघवलं नाही.

ओवाळून झाल्यावर आत्यांनी ताट खाली ठेवलं, चंद्राला हात जोडले आणि वळल्या.

"यशोदा," अब्बा म्हणाले, "पाट मांड."

"पंच, भाऊ नसल्याल्या बाईनं चंद्राला ओवाळायचं असतं."

"मी शब्द मागं घेतो. उद्या वस्तादांपुढं सांगतो, चाकणात जाऊन सांगतो. नको मला ती शिट्टी."

"असं कसं म्हणतोस?" आत्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःला सावरलं. "असं कसं म्हणता? ह्याच अंगणात दौलूला तुमी शिकवलंय की, पंचानं सांगितल्यालं फिरत न्हाई. चुकलं तरी फिरत न्हाई. माझ्यापायी फिरवलं तर लोक दर टायमाला फिरवा म्हणतील."

"यशोदा, सामन्याच्या दिवशी आपण ओळख दाखवायचो नाही. मी तसंच म्हणालो गं. तसंच."

"तवा म्या दारात असायची आन् तुमी रस्त्यावर. दोगं बी हसायचो. त्या दिशी मला कुणी इचारलं न्हाई."

लुगडं अब्बांच्या हातातच होतं. आत्यांनी मला आत बोलावून करंज्या दिल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी बाहेर आले तेव्हा ताटातलं निरांजन विझलं होतं. आम्ही लुगडं घेऊन परत आलो. अम्मानं ते पेटीत ठेवून दिलं.

सोपानराव पुढे चाकणच्या बाजारात फार मोठे झाले. मुलीच्या लग्नात त्यांनी अब्बांना आग्रहानं बोलावलं होतं; अब्बा गेले नाहीत. आबाजी वस्ताद साठ साली गेले. मग मंडळ मोडलं. जिल्ह्याच्या संघटनेनं पंचांना लेखी परीक्षा लावली. अब्बांना अक्षरओळख बेताची, त्यांनी परीक्षेचं नावही काढलं नाही. म्हणजे ज्या पंचगिरीसाठी ते त्या दिवशी बोलले, ती त्यांच्याकडे आणखी तीनच हिवाळे राहिली. त्या तिन्ही वर्षी ते गेले, चोख काम केलं, आणि त्या भाऊबीजेनंतर दर साली कार्तिकातल्या बीजेला चंद्र दिसायच्या आत दुकानाच्या फळ्या लावून घरात आले. पुढेही हयातभर हे चुकलं नाही. दौलत पिंपरीच्या एका कारखान्यात लागला, त्यांच्या संघातून खेळला. रस्त्यात भेटला की अब्बांना वाकून नमस्कार करायचा आणि पंच म्हणायचा.

अब्बा चौऱ्याहत्तर साली गेले. तिसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. आत्या आल्या, अम्माच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. पुण्याहून आलेल्या आमच्या एका खालानं, म्हणजे मावशीनं, त्यांना विचारलं, "तुम्ही मयताच्या कोण?"

"कुणी न्हाई," आत्या म्हणाल्या. "त्ये आमच्याकडं पंच हुते." आणि पदराआड तोंड घेऊन त्या अशा रडल्या की अम्माला आपलं रडं थांबवून त्यांना धरावं लागलं.

अम्मा त्यानंतर दोन वर्षांनी गेली. माझं लग्न आधीच खडकीला झालं होतं. दुकान बरकतनं चालवलं.

आत्या एक्याऐंशी साली गेल्या. सवाष्ण असो की विधवा, बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. बरकतला निरोप मिळाला तेव्हा त्यानं अम्माच्या पेटीतलं ते हिरवं लुगडं काढलं. इतक्या वर्षांनी घडीवर चिरलं होतं. विधवेला हिरवं चालणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून वाटेत थांबून एक पांढरं घेतलं आणि दोन्ही घेऊन रहाटणीला गेला. दारात दौलत होता. त्यानं दोन्ही लुगडी हातात घेतली आणि आत घेऊन गेला.

आत बायकांची गर्दी होती. बरकत अंगणातच उभा राहिला. तिरडी बाहेर आली ती फुलांनी आणि गुलालानं इतकी झाकलेली होती की आत्यांच्या अंगावर कुठलं लुगडं आहे, ते त्याला दिसलं नाही. त्यानं दौलतला कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.